अंग चोरून

आमच्या हुतोंगची रुंदी
कुणी टेपनं मोजली नव्हती.
दोन माणसं आणि एक सायकल,
तीही हातात धरलेली, वर बसलेली नव्हे.
मधल्या वळणावर तर तेवढंही नाही;
तिथे दोन्हीकडच्या करड्या विटा
खांदे घासून घासून गुळगुळीत.

त्याच वळणावर न्हावी खुआंगच्या सायकलची मूठ लागून
लुआनबाईची बरणी फुटली.
कोबी होता, हिवाळ्यासाठी मुरत घातलेला.
तो म्हणाला, वाटेत कशाला ठेवायची?
ती म्हणाली, वाट आहे कुठे?
बस.
त्यानंतर बावीस हिवाळे अबोला.

पण संडास सगळ्या बोळाला एकच, पार तोंडाशी,
त्यामुळे अबोला रोज सकाळी समोरासमोर यायचा.
तिच्या हातात झाकलेलं भांडं,
त्याच्या खांद्यावर टॉवेल.
ती या भिंतीकडे तोंड करायची, तो त्या.
पाठीला पाठ लागे न लागे,
कापूस भरलेल्या कोटांचा खस्स आवाज,
की झालं.
तिला कळायचं, आज यानं लसूण खाल्लाय.
त्याला कळायचं, हिचा डावा गुडघा धरलाय.
इतक्या जवळून
मी माझ्या सख्ख्या भावालाही ओळखत नाही.

मग एका मार्चमध्ये भिंतींवर पांढरं अक्षर आलं,
गोलात कोंडलेलं: पाडा.
लुआनबाईच्या दारावर, खुआंगच्या खिडकीखाली,
संडासावरसुद्धा,
आणि बोरीच्या बुंध्यावर.
रंगवणाऱ्याला थांबवलं नसेल कुणी.

आता आम्ही सहाव्या रिंगरोडच्या पलीकडे.
एकोणीस मजले, भिंतीतून गरम पाणी,
संडास ज्याचा त्याला.
दारापुढची जागा एवढी,
की माझा नातू तिथे तीनचाकी फिरवतो
आणि वळताना कुणाचं काही फुटत नाही.

परवा लिफ्टचं दार उघडलं.
आत खुआंग, काठी टेकून, बर्फातून आलेला.
बाहेर लुआनबाई, कचऱ्याची पिशवी घेऊन.
मधून फ्रिज गेला असता आडवा.
तरी तिनं भिंतीकडे तोंड केलं,
पोट आत घेतलं.
त्यानंही.
दोघं अंग चोरून निघाली
त्या मोकळ्या जागेतून.

आवाज झाला नाही.

तो थांबला.
काठी सांभाळत एक पाऊल मागे सरकला, मग अर्धं.
खस्स.

गुडघ्याचं त्यानं विचारलं नाही,
बरणीचं तिनं काढलं नाही.
लिफ्टचं दार दोनदा मिटायला आलं
आणि दोनदा उघडलं.