तोलाई

एकतीस वर्षं मी यार्डात हळद तोलली.
कणी, गट्ठा, राजापुरी, सेलम.
काटा थांबला की आकडा ओरडायचा,
बारदान वजा करायचं,
पुढचं पोतं.

आता माझ्याकडं एक पावतीपुस्तक आहे
आणि हरिपूरच्या रस्त्याला गोदामातली एक खोली,
शाळा सुटल्यापासून
आई कामावरून येईपर्यंतची.

साडेपाचला पेव फुटतं.
आमच्याकडं हा नुसता वाक्प्रचार नाही.
इथं जमिनीच्या पोटात खरीच पेवं होती.
मी उतरलोय त्यांत, पोरगा असताना,
कमरेला दोर बांधून.
वडील आधी कंदील सोडायचे खाली.
तो तेवत राहिला तर मग मी.

सत्तावीस पोरं. कधी एकोणतीस,
कारण बिरू हेगडे धाकट्या दोघांना काखेत मारून आणतो
आणि म्हणतो, यांची हजेरी लावू नका,
उसळ पुरायची नाही.

खर्च म्हणाल तर
मुलाणी मॅडमचं मानधन (त्या त्याला रिक्षाभाडं म्हणतात),
मटकी, गॅस, दोन कॅरम, एकाला स्ट्रायकर नाही,
आणि वीजबिल.
वीजबिल दर महिन्याला येतं,
देणगी पंधरा ऑगस्टला.

बाकीचे अकरा महिने मी फिरतो.
हळद निवडणाऱ्या बायका शनिवारी दहा-दहा देतात,
पावतीच्या स्थळप्रतीवर त्यांच्या बोटांचे पिवळे ठसे.
हिशेब तपासणाऱ्यानं विचारलं, हे डाग कसले?
म्हटलं, सह्या.

आदगोंडा अण्णा म्हणाले,
"दोन-तीन तास पोरं घरी बसली तर काय बिघडतंय रे?"
"घरी कोण हाय, अण्णा?"
त्यांनी चहा सांगितला.
पूर्वी सौदा रुमालाखाली व्हायचा,
बोटं दाबून भाव ठरायचा, शेजाऱ्याला कळायचं नाही.
अण्णांनी तसाच माझा हात हातात घेतला, बराच वेळ धरला
आणि एक ट्यूबलाइट कबूल केली.
पैसे नाहीत. ट्यूबलाइट.
तिच्या पट्टीवर आता त्यांचं नाव रंगवलंय,
नळीइतकंच लांब.

पुण्याच्या एका कंपनीचा फॉर्म आलाय.
रकाना सात: मोजता येईल असा परिणाम.
मोजायला मी भीत नाही, जन्मभर तेच केलं.
पण निशिगंधा वर्षभर एक शब्द बोलली नव्हती,
परवा कॅरम खेळताना "फाउल!" म्हणून ओरडली
आणि स्वतःच दचकली.
हे कुठल्या काट्यावर ठेवू?
फरदीन तर नुसता झोपतो. साडेपाच ते सात.
मॅडम त्याच्यावर ओढणी टाकतात, बाकीच्यांना हळू वाचायला सांगतात.
त्याच्या घरात रात्री झोप लागण्यासारखं काही नसतं.
त्याचं बारदान किती धरू,
निव्वळ किती?

भिंतीवर पुराची रेघ आहे, एकोणीस सालची.
पोरं तिला पाठ लावून उभी राहतात.
डोकं रेघेच्या वर गेलं की टाळ्या,
आणि त्या दिवशी त्याला दोन वाट्या उसळ.
प्रांजलला अजून एक वीत कमी पडते.
रकाना सातात मी तेच लिहिलं,
मग खोडलं,
मग पुन्हा लिहिलं.

मंजूर होईल, न होईल.
मटकी जूनपर्यंतची आहे, गॅस मेपर्यंतचा.
मग काय कच्ची खायची, बिरू विचारतो.
मोड आणून ठेव, म्हटलं, बघू.

साडेपाचला पाच कमी असताना
मी कुलूप काढतो, अण्णांची ट्यूब लावतो.
ती दोनदा फडफडते.
दारात चपलांवर चपला पडतात, मागची पुढच्यांना रेटतात,
आणि मी हात आडवा धरून उभा,
जुनी सवय,
ती नीट पेटेपर्यंत.