तळाला लागू नये म्हणून

सांत लुझियेच्या दिवशी आईनं फुटक्या परातीत नाचणी पेरली.
नाताळापर्यंत बोटभर शेत उगवायला हवं
गोठ्यासमोर,
आमच्या दिवाडीच्या खाजणासारखं,
फक्त खारं पाणी वजा.
शाळेतून आले की मी आधी परात बघते,
सातवीच्या वह्या मग.

पेटीतून निघाले: मेंढ्या चार, त्यातली एक तीन पायांची,
बाळ, कापसात गुंडाळलेलं,
राजे तीन.
तिसऱ्याला नेहमी उशीर होतो असं आम्ही भावंडांनी ठरवलं होतं,
म्हणून तो अजून खिडकीच्या कडेला,
एकटा,
हातात काय आहे ते रंग उडाल्यामुळे कळत नाही.

झेफेरिनचा निरोप एका शब्दाचा: येतोय.
नऊ वर्षांनी.
आवेर्ताननं फोन उलटा ठेवला
आणि चांदणीसाठी बांबू तासत बसला.
सात माड आणि एक बांध, एवढंच होतं भांडण,
पण बाबांच्या चौथ्या दिवशी झालं,
आणि त्यात जे बोललं गेलं
ते माडांपेक्षा उंच.

माझंही तेव्हापासून देवाशी बोलणं बंद होतं.
मिस्साला जायचे,
ओठ हलवायचे,
आजूबाजूच्यांना कळू नये एवढे.

तेविसाला फेरीच्या धक्क्यावर मी.
आधी स्कूटर उतरल्या, मग पावाच्या टोपल्या,
मग तो, केस पांढरे,
आणि त्याची इल्दा, आजवर फक्त पडद्यावर पाहिलेली.
तिनं माझा हात चिमटीत धरून पाहिला,
आत्या खरी आहे का ते.

स्वयंपाकघरात दोदोल चढलेला.
नारळाचा रस, माडाचा गूळ, तांदळाचं पीठ,
काहिलीत काळंभोर, जड,
आवेर्तान तासाभरापासून ढवळतोय,
घाम कोपरावरून गळतोय.
झेफेरिन दारात. जोड्यांसकट.
आई म्हणाली, जोडे काढ.
मग कुणाकडेच न बघता:
हात थांबवू नका रे, तळाला लागेल.

दोदोल कुणाच्या रागासाठी थांबत नाही.
आवेर्तानचा खांदा उतरला तसा
दुसरा हात दांड्यावर आला,
थोडा वेळ दोघांचेही होते तिथे, एकावर एक,
आणि काहिलीतले बुडबुडे फुटत राहिले.
मग आवेर्तान म्हणाला,
उजवीकडून घे. डावीकडे चिकटतं.

एवढंच. मी खोबरं किसत होते, म्हणून सांगते.

तरी खरवड निघालीच थोडी.
दोघांनी ती भांडून खाल्ली.

नाताळाच्या मिस्साला, डोंगरावरच्या इगर्जीत,
आई मधे, दोघे दोन बाजूंना,
इल्दा माझ्या मांडीवर पेंगलेली.
पाद्री म्हणाला, शब्द देह झाला
आणि आमच्यात राहिला.
जन्मभर ऐकलेलं वाक्य.
नेहमी वाटायचं, केवढा मोठा शब्द असेल तो,
ढग फाडणारा.
आज कानात आलं ते:
उजवीकडून घे. डावीकडे चिकटतं.

मला हसू आलं, आणि हसताना ओठांतून
थोडा आवाज सुटला.
‘आमच्या बापा’ तिथून पुढे मी मोठ्यानं म्हटलं.
म्हणजे सगळं पटलं असं नाही.
बाबांचा हिशेब अजून मागायचाय मला त्याच्याकडे.
पण मागायला बोलावं लागतं.

दुपारी ताटं भरली: नेवऱ्या, बोलीन, दोदोलची वडी,
वर क्रोशाचा रुमाल.
कुंडईकरांकडचं ताट दोघे भाऊ घेऊन गेले
आणि दोन तास आलेच नाहीत.
माडांचं काही ठरलं का, विचारलं मी.
नाही, म्हणाले. कॉफी घेत होतो.

नाचणी आता चार बोटं झाली, एका बाजूला कललीय.
इल्दा रोज सकाळी तिसऱ्या राजाला
बोटभर पुढे सरकवते.
सहाला पोचायचं असतं त्यानं, हे मी सांगितलंय तिला.
त्यांचं विमान चारला.
आज तिनं मोजलं काहीतरी बोटांवर,
दाराकडे पाहिलं,
आणि त्याला उचलून दोन ढांगा पुढे ठेवलं.