बेसवर राहिलेल्या

मे महिन्यात नागपुरात पळायचं
तर उन्हाच्या आधी उठून त्याला चकवावं लागतं.
पाचला कुलर बंद करते,
खसच्या ओल्या वासातून बाहेर येते,
जिन्यावर बसून नाड्या बांधते तेव्हा
उजव्या हाताची वाकडी अनामिका
गाठीत हमखास आडवी येते.

ती ब्याण्णवची.
आंतरशालेय सॉफ्टबॉल, मी कॅचर.
बॅटला चाटून आलेला चेंडू
ग्लोव्ह सोडून नेमका बोटावर बसला.
ढोमणे सरांनी गोळेवाल्याकडून बर्फ आणला,
सोबत एक गोळाही, काला खट्टा,
आणि म्हणाले,
"खेळून राहिली का बसून राहिली?"
मी खेळून राहिले.
बोट कोणी सरळ केलं नाही.

पाच चाळीसला कानात सामना सुरू होतो.
तिकडे अजून कालची संध्याकाळ आहे.
समालोचक सांगतो, स्टेडियममागे आभाळ केशरी झालंय,
दिवे लागलेत,
आणि मी त्याची मावळती ऐकत
सेमिनरी हिल्सच्या चढावर उजाडताना बघते.
माझा संघ तक्त्यात शेवटून दुसरा.
हाच का, तर भाच्यानं टोपी आणली म्हणून.
टोपीचा रंग उडाला. संघ तसाच.

ऑफिसात, वीजबिलांच्या गठ्ठ्यांमागून
घोडमारे विचारतो, "मॅडम, क्रिकेट पाहा न बाप्पा,
हे कायचं खूळ?"
मी समजावते: तीनदा हुकलं की बाद,
पण दोनदा हुकल्यावर नुसतं चाटून बाहेर गेलं
तर बाद नाही, पुन्हा उभं राहायचं,
कितीही वेळा.
तो तर्रीत पोहे बुडवतो.
"म्हणजे आपल्या बिल दुरुस्तीच्या अर्जावानी."
हो, जवळजवळ.

त्याला एक गोष्ट मात्र सांगितली नाही.
मीटर रीडिंगच्या जुन्या वहीत मी सामने लिहिते,
त्यात एक रकाना आहे
बेसवर राहिलेल्यांचा.
म्हणजे जे निघाले, पहिला, दुसरा, कधी तिसराही गाठला,
आणि डाव संपला.
क्रिकेटमध्ये नाबाद राहिलं की टाळ्या मिळतात.
इथे नुसता आकडा.
हातातली धूळ झटकून ते चालत परततात,
पळायचं कारण उरलेलं नसतं.

निरुपमा डेकाटे तीन वर्षं माझ्यासोबत पळाली.
दम लागला की माझ्या संघाला शिव्या द्यायची,
त्यानं म्हणे चढ सोपा होतो.
गेल्या उन्हाळ्यात बालोद्यानच्या फाटकाशी तिचा फोन वाजला.
"तू हो पुढं, आलेच," म्हणाली.
नवऱ्याची डावी बाजू गेली होती.
आता गिट्टीखदानच्या त्या गल्लीत,
दुसऱ्या मजल्यावर,
त्याला उठवण्याआधीची पाच मिनिटं
ती गॅलरीत उभी असते.
गाऊनवर ओढणी, हातात चहा,
पायांत मात्र ते पळायचे बूट.
घरात फरशीवर पाय सरकत नाही म्हणे, त्याला उचलताना.

मी आता मुद्दाम त्या गल्लीतून वळते.
अर्धा किलोमीटर जास्त पडतं.
थांबत नाही, थांबले तर ती रागावेल.
ती हनुवटीनंच विचारते, काय झालं?
मी पळतापळता दोन्ही हात वर करते,
डाव्यावर आपले, उजव्यावर त्यांचे.
आज दोन आणि तीन.
पण उजव्याची अनामिका आत वळलेली,
वरून तीनाचे दोनच दिसतात.

"बरोबरी?" ती ओरडते,
चहा सांडतो गॅलरीच्या कठड्यावर.

कानात समालोचक सांगतोय,
दोन बाद, दोघं बेसवर.
मी हात तसाच वर धरते
गल्ली संपेपर्यंत.