रुवीतली मुलाखत

टेबलापलीकडे तिघं. मधल्या बाईंनी
चष्मा कपाळावर सारला :
"भूगर्भशास्त्र? मग वकिली कशाला?"

करारांच्या पेपरात मला बावन्न,
निनाद टिपणिसाला अठ्ठ्याहत्तर.
तो कॉमर्सचा, ताळेबंद वाचत आलेला;
मी सॅकमध्ये हातोडी घेऊन.
पहिलं वर्षभर 'सबब' आणि 'परंतुक' यांच्या फटीत
मला नुसती माती दिसायची.

हे काही बोलले नाही.
खिडकीबाहेर बोट केलं फक्त :
"तो काळा डोंगर समुद्राच्या तळाचा.
वर आला तेव्हा साक्षीला कोणी नव्हतं,
तरी पुरावा आहे."

कोपऱ्यातले टायवाले गृहस्थ तेव्हा कुठे हलले.
त्यांच्याकडे एक दावा होता,
सबखाच्या खारट जमिनीत खचलेलं गोदाम :
बिल्डर म्हणतो दैव, विमावाले म्हणतात हयगय.

नोकरी लागली.
मी दिवसभर व्हिसाचे अर्ज तपासते,
नावाचं स्पेलिंग, पासपोर्टची मुदत.
ते पंख्याने उडू नयेत म्हणून वर
त्याच डोंगराची एक कपची.

गोदामाची फाइल अजून कपाटातच आहे.
किल्ली कुणाकडे असते
ते विचारून ठेवलंय.