पाहुणीला गाव दाखवताना

उद्यमबागेत नवं मशीन बसवायला आलेली
व्हिएतनामची इंजिनिअर. नाव थ्वी.
मालक म्हणाले, कल्लाप्पा, रविवारी ओम्नी काढ,
बाईंना जरा आपलं गाव दाखव.

दाखवतो म्हटलं
आणि रात्रभर अंथरुणात मोजत पडलो
काय काय आहे दाखवण्यासारखं.
बावीस वर्षं या गावातून माल पोचवला मी,
गाव कुणाला पोचवलं नव्हतं.

सकाळी किल्ला.
कमल बस्तीत छताला उलटं लोंबणारं दगडी कमळ,
बाई मान अवघडेपर्यंत बघत राहिल्या.
मोबाईलला काहीतरी सांगितलं.
मोबाईल खणखणीत हिंदीत म्हणाला,
'हम लोग इसको खाते हैं.'
आतले म्हातारे गृहस्थ माझ्याकडे वळून बघायला लागले,
जणू मीच खाल्लं.
मग उलगडा झाला. कमळाचं बी. खीर करतात त्याची.

खडेबाजारात रस्ता ओलांडताना
बाई सरळ उतरल्या गर्दीत.
थांबल्या नाहीत, पळाल्या नाहीत,
एका चालीत पलीकडे;
स्कूटर, टमटम, म्हशीसुद्धा
त्यांच्या दोन्ही अंगांनी वाहून गेल्या.
मी इथला. मी अलीकडेच उभा, हात वर करून.

चहाच्या गाड्यावर म्हटलं, दोन चा.
बाई दचकल्या, हसल्या.
त्यांच्याकडंही जवळजवळ तसंच म्हणतात.
तेवढा एक शब्द मोबाईलशिवाय झाला.

दुपारी गोकाक.
एप्रिल महिना. धबधब्याच्या जागी
काळी भिंत, आणि एका कडेला
गळक्या नळाएवढी धार.
झुलत्या पुलावर उभं राहून मला अशी लाज वाटली
की दारात पाहुणे आणि घरात दूध नाही.
जुलैत या, म्हटलं. तेव्हा इथं
शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही.
बाई खाली बघत होत्या.
'मेरे नाम का मतलब पानी,' मोबाईल म्हणाला.
मग आलंच की पाणी, मी म्हटलं.
हे मात्र त्याला जमलं नाही. नुसता गोल गोल फिरत राहिला.

परतीच्या वाटेवर त्यांनी विचारलंच.
मैलाच्या दगडावर एक नाव,
माझ्या खिशावर कंपनीनं शिवलेलं दुसरं,
आणि एका पाटीवर नुसतं डांबर.
गाव नक्की कुठलं?

मी गिअर बदलला.
माझ्याकडं या प्रश्नाची तीन उत्तरं आहेत.
एक पोलिसाला द्यायचं, एक मेहुण्याला,
तिसरं अजून कुणी मागितलेलं नाही.

काही बोललो नाही तेव्हा त्याच म्हणाल्या,
माझ्याही शहराला दोन.
कागदावर एक.
आई बसवाल्याला सांगते ते सायगाव.
भांडण? मी विचारलं.
'अभी नहीं.'
सुळेभावी मागं पडलं, तेव्हा मोबाईल आपणहून बोलल्यासारखा बोलला,
'घर में, थोड़ा.'

गुरुवारी सांबऱ्याला सोडलं त्यांना.
बॅगेला चिकटवलेल्या पट्टीवर इंग्रजी अक्षरं.
त्यांच्या गावाची एस जी एन,
हे जुन्या नावाचं, बोटानं दाखवलं त्यांनी,
विमानवाले अजून बदलत नाहीत.
आमच्या गावाची आय एक्स जी.
मी दोनदा जुळवून बघितली.
ती ना ह्या नावाची, ना त्या.
कुणाचीच नाहीत.
एवढं बरं वाटलं, का ते सांगता येत नाही.

जाताना एक पुडी दिली. कमळाचं बी.
घरी आलो तर सुमित्रानं ते
डबल बी समजून भिजत घातलेलं.
उद्या उसळ करते म्हणाली.

करू दे म्हटलं.
सकाळी बघितलं तर पातेल्यात
फुगून वर आलेलं, पांढरं,
आणि प्रत्येकाच्या पोटात
एवढासा हिरवा कोंब, वाकलेला.