तिघे

गड्ड्याच्या जत्रेत नायक पस्तीस रुपये,
खलनायक दहा.
नायनांनी अंगावरचं सूत झटकत
सलग तीन वर्षं
खलनायकच घेतला.

भवानी पेठेत, मागाच्या खडखडाटात
माझं युद्ध व्हायचं असं :
तिघे काळे डगलेवाले,
समोर कुणीच नाही.
मग ते आपसांतच भांडायचे,
दमले की एका काडेपेटीवर
डोकी टेकून झोपायचे.

सिनेमात शेवटी तो दरीत पडतो.
आमच्याकडे दरी नव्हती,
कांड्यांची पाटी होती.
पडला तरी लागायचं नाही.

परवा नायक मागवला. अडीच हजार.
नागमणीला चारशे सांगितले.
खोका अजून फोडला नाही.
कपाटातून तिघांनी विचारलं,
इतकी वर्षं कुठं होतास,
तर?