परीटघडी

मैद्याच्या पत्र्याच्या डब्यात, बटणांच्या तळाशी
सापडली माझ्या पणजीची वही.
ड्रूसिला पेटीग्रू. गावाचं धुणं धुवायची.
जॉर्जियातलं गाव, मधून रूळ,
रुळांच्या अलीकडे आम्ही,
पलीकडे चुना दिलेली कुंपणं.

अक्षरओळख बेताचीच,
म्हणून गिऱ्हाइकांची तिने चित्रं काढली:
औषधवाल्याला खल,
बँकेतल्या कारकुनाला किल्ली,
पाद्र्याच्या मेहुण्याला
नुसतं एक नाक.
पुढे कपडे. शर्ट चार, चादरी दोन.

१९२३च्या उन्हाळ्यात वहीत
एक नवं चित्र येतं:
त्रिकोण, त्यात दोन भोकं.
धुलाई पंधरा सेंट, खळीचे पाच वेगळे,
कारण टोक ताठ उभं राहायला हवं.

रात्री ते भुतं व्हायचे.
निदान तसं सांगायचे,
मेलेल्या शिपायांची भुतं, थेट कबरीतून.
पण भुतांच्या काखेत घाम नसतो,
भुतांच्या छातीवर तंबाखूचे शिंतोडे नसतात.
सोमवारी सकाळी तीच भुतं
गाठोडं होऊन तिच्या मागच्या दारात.
साऱ्या जगापासून तोंड लपवलं त्यांनी,
तिच्यापासून नाही.
तिच्यापासून लपवायला
आधी ती कोणीतरी असायला हवी होती.

लेमन टिबेटने कापसाचा काटा तपासायला मागितला.
एवढंच मागितलं.
त्या शनिवारनंतरच्या सोमवारी
वहीत अकरा त्रिकोण आहेत.
खल आहे. किल्ली आहे. नाक आहे.
एकापुढे तिने काहीतरी काढून
पुन्हा खोडलंय, कागद फाटेपर्यंत.
आणि त्या अख्ख्या पानावर
पैशांचा आकडा नाही.

तिने घेतले नाहीत,
की त्यांनी दिले नाहीत?
डाग गेला का?
आजी एवढंच सांगायची,
त्या दिवशी नीळ जास्त पडली होती,
आणि आईचे हात रात्रीपर्यंत निळे होते.

पण धुतले तिने. हेही लिहायला हवं.
घासले, खळ दिली, कडक इस्त्री केली,
घडीला घडी लावली, पोचवले.
त्या पंधरा-पंधरा सेंटांतून
आजीला शाळेचे बूट आले.
मी शिक्षिका झाले ती त्या बुटांच्या मागोमाग चालत.

मग क्लॅनच्या खजिन्यात कोणी हात मारला,
पुढारी पुढाऱ्यांवर फिर्यादी करू लागले,
आणि गावाने सभासदांची यादी
चर्चच्या शेगडीत घातली.
झालं. सगळे धुतल्या तांदळासारखे.
खलाच्या नावाचा दवाखाना झाला,
किल्लीच्या नावाचा रस्ता,
त्याच रस्त्यावर माझी शाळा.
तीस वर्षांनी झगे पुन्हा निघाले,
तोवर घरोघरी यंत्रं आली होती,
ज्याची त्याची बायको धूत होती.
आणि परवा, पुतळा हलवायची गोष्ट निघाली तेव्हा,
पोरं आली इस्त्रीच्या खाकी पँटींत,
उघड्या तोंडाने, मोबाइल वर धरून.
झाकायची गरजच वाटली नाही त्यांना.
यातलं काय जास्त वाईट, मला ठरवता येत नाही.

औषधवाल्याचा नातू वाचनालयात आला.
भला माणूस, गुडघे दुखतात त्याचे.
त्याची मुलगी माझ्या तिसरीच्या वर्गात होती.
“पुरावा काय?” म्हणाला,
पण आवाज आधीच खाली बसला होता.
मी वही फिरवली.
त्याने खलावर बोट ठेवलं, बराच वेळ ठेवलं.
मग विचारलं ते भलतंच:
“पैसे देत होते का ते, वेळेवर?”

देत होते, मी म्हणाले,
एक सोमवार सोडला तर.

त्याचा हात खिशाकडे गेला,
मध्येच थांबला, आणि तिथेच राहिला.
काय करावं त्या हाताचं
मलाही कळेना.

घरी येऊन मी बटणं पुन्हा डब्यात भरली.
अकरा आहेत त्यांत एकसारखी,
पांढरी, कापड चढवलेली,
कुठल्याच शर्टाची नसलेली.
तिने ती तोडून ठेवली,
की धुताना तुटली,
वहीत नाही.